कारळा फुलला, पण भरला नाही

लग्न होऊन मी भोरहून वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवर गेले, तेव्हा त्या घरात माझं पहिलं वाकडं आलं ते मधमाश्यांशी. माणसांशी वाकडं यावं असं तिथं कुणी नव्हतंच. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वभावानं गरीब. नवरा दिवसभर रानात. आणि थोरल्या जाऊबाई तर मला तळहातावरच्या फोडासारखं जपायच्या. पण स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत मधमाश्यांचं बिऱ्हाड होतं, आणि ते मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. दगडामातीची हातभर जाड भिंत, तिच्या पोटात मुद्दाम ठेवलेली एक पोकळी. बाहेरच्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक, आतल्या अंगाला एक फळी शेणानं लिंपून बंद केलेली. त्या पोकळीत सातेरी माश्या राहायच्या. अंधारात एकापुढं एक सात पोळी बांधतात म्हणून सातेरी. मी चुलीपुढं भाकरी थापायला बसले की पाठीमागं सगळा वेळ त्यांची गुणगुण. एखादी वाट चुकून आत यायची आणि परातीवर बसायची. मी परात टाकून उठायची.

“आमच्या भोरात भिंतीत उंदीर असतात,” मी एकदा चिडून म्हटलं.

“उंदीर काय देत्यात?” जाऊबाई म्हणाल्या. “ह्या मध तरी देत्यात.”

जाऊबाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. थोरले दीर लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी हिवतापानं गेले, मूलबाळ काही झालं नव्हतं. त्यांचा भाऊ कामथडीहून न्यायला आला होता म्हणे. सासूबाईंनी पाठवलं नाही. त्यांनी सुनेला घरात ठेवून घेतलं, आणि नुसतं ठेवून घेतलं नाही, तर तिच्या हातात कारळ्याची मूठ दिली.

ही मूठ काय ते सांगायला हवं. वाडीच्या वर डोंगरउताराला आमचे तीन तुकडे होते. एकात नाचणी, एकात वरई, एकात तेलासाठी कारळा, आणि दर वर्षी पिकं एका तुकड्यातनं दुसऱ्यात फिरवायची. पेरणीची पहिली मूठ ज्याच्या हातची, त्या पिकाचं यश-अपयश त्याच्या हाताचं, असं आमच्याकडे धरतात. म्हणून ती मूठ घरच्या कर्त्या माणसाची, नाहीतर सवाष्णीची. विधवा बाई त्या वेळी बांधावरसुद्धा उभी राहत नाही. सासूबाईंनी हे सगळं बाजूला सारून सुनेला पुढं केलं. वाडीत कुजबुज झाली. पण त्या वर्षी कारळा असा आला की कुजबुजणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

तेव्हापासून कारळा जाऊबाईंचा. पेरायचा त्यांनी, राखायचा त्यांनी, झोडपायचा त्यांनी. मग पोती एसटीवर टाकून भोरला तेल्याच्या घाण्यावर न्यायची, आणि तेलाचे डबे आणि जनावरांसाठी पेंड घेऊन परत यायचं, तेही त्यांनीच. चुलीपाशी तेल त्यांच्या हातानं निघायचं. कुणाकडे कार्य असलं आणि तेल कमी पडलं, तर माणसं मामंजींना विचारायची नाहीत, जाऊबाईंना विचारायची. नवरा नाही, मूल नाही, नावावर हातभर जमीन नाही. त्या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं ते एवढंच.

माश्याही सासूबाईंनी त्यांच्याच स्वाधीन केलेल्या. कारळ्याची मळणी उरकली की जाऊबाई फळी उघडायच्या. गोवरीचा धूर हळूच आत सोडायच्या आणि कडेची पोळी तेवढी कापून घ्यायच्या. मधल्या पोळ्यांत अंडी-पिल्लं असायची, त्यांना हात लावायचा नाही. तो मध आम्ही घरात फारसा खाल्लाच नाही. वाडीत बाळंतीण असली की तिच्याकडे वाटीभर जायचा. जाऊबाई वाटी घेऊन गेल्या की मूल आधी त्यांच्या मांडीवर दिलं जायचं, मग पुढचं बोलणं. मी बाळंतीण झाले तेव्हा मलाही मिळाला, आणि मला मुलगा झाला त्याचा आनंद माझ्यापेक्षा त्यांना जास्त झाला. पोरगं त्यांच्याच कडेवर वाढलं. मी आई नावाला होते, दूध पाजण्यापुरती.

नवरात्राच्या सुमाराला कारळा फुलतो. अख्खा उतार पिवळा. लांबून बघायला बरं वाटायचं, पण मी जवळ जायची नाही. तिथं माश्यांचा एवढा कालवा असायचा की बांधावर उभं राहून बोललं तरी दुसऱ्याला ऐकू जायचं नाही. जाऊबाई मात्र कमरेएवढ्या कारळ्यातनं सरळ चालत जायच्या.

“बाई, चावतील ना,” मी बांधावरनं ओरडायची.

“कामात हायेत त्या,” त्या म्हणायच्या. “तुझ्या-माझ्याकडं बगायला त्यांना येळ कुठाय.”

आता हे सगळं सांगताना सोपं वाटतं. त्या वेळी मला माश्यांचा रागच होता. घरात आपल्याआधी येऊन बसलेल्या आणि आपल्यापेक्षा जास्त मान असलेल्या, असं मला वाटायचं. हसायचं तर हसा. एकोणीस-वीस वर्षांची होते मी.

मुलगा दहा-अकरा महिन्यांचा असताना श्रावणात त्याला ताप भरला. थंडी वाजून ताप. त्या घरात थंडी वाजून ताप येण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, कुणी तोंडानं बोललं नाही एवढंच. मामंजी भाताच्या खाचरात न जाता दिवसभर ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नवरा गोळ्या आणायला वेल्ह्याच्या दवाखान्यात गेला, मामंजी आणि जाऊबाई नाइलाजानं रानात गेले, कारण तण काढायची भांगलण अर्ध्यावर होती. घरात मी आणि पोर. आणि नेमके त्याच दिवशी फवारणीवाले आले.

हिवतापाच्या डासांसाठी ते वर्षातनं एक-दोनदा यायचे. खाकी कपडे, बादली, हातपंप. भिंतीला पांढरं औषध मारून जायचे आणि दारावर खडूनं काहीतरी लिहायचे. जाऊबाई दर खेपेला मागच्या भिंतीच्या भोकावर गोणपाट टांगून स्वतः पुढं उभ्या राहायच्या. ही एक भिंत सोडा म्हणायच्या. फवारणीवाले कुरकुरायचे, सोडून द्यायचे. त्या दिवशीही त्यातला एकजण मला म्हणाला, “मागची भिंत सोडायची ना? गेल्या खेपेला बाई सोडा म्हणाल्या होत्या.”

मी पोराला खांद्यावर घेऊन उभी होते. त्याच्या अंगाचा चटका मला लुगड्यातनं लागत होता.

“काही सोडू नका,” मी म्हटलं. “सगळं मारा. ते भोक आहे ना, त्याच्या आत पण मारा.”

हे मी घाबरून केलं असं म्हणता येईल. सोयीचं आहे म्हणायला. घाबरले होते ते खरंच. पण भोक दाखवताना माझ्या मनात पोराच्या तापाबरोबर दुसरंही काहीतरी होतं. आता या जातील, असं वाटून मला बरं वाटलं होतं. मी ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आत एकदम मोठा आवाज झाला, पाणी उकळल्यासारखा. मग तो उतरत गेला. दुपारपर्यंत भिंतीच्या बुडाशी माश्यांचा सडा पडला होता, काही अजून पाय हलवत होत्या. मी त्या झाडून सुपलीत भरल्या आणि मागच्या ओढ्यात टाकून आले. ओढ्याला पाणी होतं, गेल्या वाहून.

संध्याकाळी जाऊबाई रानातनं आल्या. आधी पोराच्या कपाळाला हात लावला. नवऱ्यानं आणलेल्या गोळीनं ताप उतरायला लागला होता. मग सवयीनं त्या मागच्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या.

“गप हायेत आज.”

“फवारणीवाले यायच्या आधीच उठून गेल्या,” मी म्हटलं. “सगळ्याच्या सगळ्या, झुंडीनं. मी बघितलं.”

माश्या कधीकधी अशा जागा सोडून जातात, त्यामुळे त्यांना माझं बोलणं खोटं वाटायचं कारण नव्हतं. फळी त्यांनी उघडली नाही. उघडलं आणि आतला वास उडाला तर परत येत नाहीत, असं म्हणाल्या.

“येत्याल. जात्यात कुठं.”

पोरगं बरं झालं. आठ दिवसांत पुन्हा रांगायला लागलं. मी माश्यांचं विसरूनसुद्धा गेले.

त्या वर्षीही कारळा वेळेवर फुलला, आणि दृष्ट लागावी असा फुलला. एके दिवशी जाऊबाई राखणीला गेल्या होत्या, त्यांची भाकरी घेऊन मी वर गेले. त्या तुकड्याच्या पार पलीकडच्या टोकाला बसलेल्या. मी कारळ्यातनं मधनं चालत गेले, भाकरी त्यांच्यापुढं ठेवली आणि पदरानं घाम पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मधनं चालत आले. फुलांना घासत आले आणि भीती वाटली नाही, कारण भिण्यासारखं काही नव्हतंच. खालच्या शिवारात कुणीतरी बैलांना हाका मारत होतं, ते इथपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

जाऊबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं नाही. फुलांकडे बघत होत्या.

“माशी न्हाई औंदा,” त्या म्हणाल्या.

मी कशाला बोलते. पण माझ्याही मनात आलं, भिंतीतल्या गेल्या त्या गेल्या, बाकीच्या कुठं गेल्या? आमच्या एका घरच्या माश्यांवर का एवढा उतार गुणगुणत होता? मग मी वाडीत सहज म्हणून विचारत फिरले. तीन घरांच्या भिंतींत माश्या होत्या, तिन्ही घरं फवारलेली, तिन्ही भिंती गप. खाली सपाटीला लोक कीड मारायची नवी पावडर पिकांवर धुरळायला लागले होते, ती वाऱ्यानं नाकात यायची. पलीकडच्या रानात कोळशासाठी झाडं पडत होती, आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांत माश्या असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. कुणी बेरीज केली नाही, मीही केली नाही. आपला गुन्हा एकट्याचा नाही म्हणून तेवढंच हायसं वाटलं.

मार्गशीर्षात मळणी झाली. कारळा झोडपला आणि जाऊबाईंनी सुपानं वारवायला सुरुवात केली, तर भुसाबरोबर दाणासुद्धा उडून जायला लागला. कारळ्याचा दाणा काळा, चकचकीत आणि बारीक, पण वजनाला चांगला असतो. हा नुसता पोचा. चिमटीत धरला की चुरा व्हायचा. दर वर्षी जिथं दोन पोती तट्ट भरायची, तिथं पोत्याचा तळ कसाबसा झाकला गेला.

खळ्यावर मामंजी होते, नवरा होता, आणि वाडीतले चुलत सासरे आले होते. मी पोराला घेऊन कडेला बसले होते. चुलत सासऱ्यांनी पोच्या दाण्यांची ओंजळ घेतली, फुंकली, आणि एकेक करून सगळं तपासायला बसले. पाऊस झाला का? झाला. फूल आलं का? आलं. तुकडा बदलला का? बदलला. बियाणं कुठलं? घरचंच.

“मंग ऱ्हायलं काय?” ते म्हणाले. “हात ऱ्हायला.”

त्यांनी ओंजळ भुसावर रिकामी केली.

“वैनी, हिची सासू, व्हत्या तवर त्यांच्या पुण्याईवर निभावलं. पांढऱ्या कपाळाची मूठ ती. कवातरी दावणारच.”

जाऊबाई सूप हातात घेऊन उभ्या होत्या. मोठ्या माणसांपुढं त्या कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

“माशी न्हवती औंदा. फुलावर माशी फिरली न्हाई तर दाना भरत न्हाई. आत्याबाईंनी मूठ देताना सांगितलेलं हाय मला.”

चुलत सासरे हसले. “माशी पेरती व्हय? का माशी नांगरती?” मग त्यांचं हसू गेलं. “आन माश्या का गेल्या गं? भितीतल्या सातेरी पिढ्यान्‌पिढ्या हितं नांदल्या. त्या अशा उगाच घर सोडत्यात व्हय? घरातनं लक्षुमी जायच्या आधी माशी जाती. त्यांना कळलं, आपल्याला कळलं न्हाई.”

आमच्याकडे असं मानतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. भोरची मी, मला कोण सांगणार? मी आपली स्वतःला वाचवायला म्हणून बोलले होते, उठून गेल्या. ते माझं खोटं आता तिथं जाऊबाईंच्या विरुद्ध पुरावा होऊन उभं राहिलं. मामंजींनी मान खाली घातली. ते वाईट नव्हते, पण पटलं त्यांना. नवऱ्यालाही पटलं.

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. “तू बगितलंस न्हवं जाताना? कसल्या गेल्या? कुनी छेडलं व्हतं का त्यांना?”

त्या मला अडकवायला विचारत नव्हत्या. त्यांना खरंच आधार हवा होता. एका वाक्याचं काम होतं. मी मारल्या, मामंजी, औषध मारायला मीच सांगितलं, एवढं म्हटलं असतं तर फार तर चार शिव्या बसल्या असत्या. मुलाच्या आईला कोण घराबाहेर काढतंय? मी पोराच्या टोपडीची नाडी सोडली आणि परत बांधली.

“मी आत होते,” मी म्हटलं. “जाताना बघितल्या फक्त.”

पुढच्या आषाढात पेरणीच्या वेळी मामंजींनी बियाण्याची टोपली माझ्यापुढं ठेवली. “औंदा धाकलीची मूठ.” सवाष्ण, पहिला मुलगा, माझ्यात काही खोड काढायला जागा नव्हती. मी नको म्हटलं, पण कुणी ऐकावं एवढ्या जोरानं म्हटलं नाही. मी पहिली मूठ फेकली तेव्हा जाऊबाई खाली घराजवळ उकिरड्यावर शेण टाकत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

घरात त्यांना कुणी जा म्हटलं नाही. तसं कुणी म्हणतही नाही. तेलाचा डबा फळीवरनं माझ्या हाताशी आला. वाडीत कुणी बाळंतीण झालं तर द्यायला मध नव्हता, आणि जाऊबाई नुसतंच बघायला गेल्या तर दोन घरांनी मूल झोपलंय म्हणून सांगितलं. पंचमीला भाऊ कामथडीहून न्यायला आला. दर वर्षी यायचा, आठ दिवसांनी त्या परत यायच्या. त्या वर्षी जाताना त्यांनी मला दोन्ही म्हशींचं सांगितलं, कुठली पान्हा चोरते आणि कुठलीला आधी चारा टाकावा लागतो. माझ्या पोरानं त्यांचा पदर धरून रडून गोंधळ घातला. मी म्हटलं, लवकर या. त्या हो म्हणाल्या. परत आल्या नाहीत.

माझ्या मुठीचा कारळासुद्धा पोचाच निघाला. फक्त ओढ्याच्या कडेला, एका म्हाताऱ्या आंब्याच्या बाजूला, दहा-पंधरा पावलांचा पट्टा भरला. त्या आंब्याच्या ढोलीत माश्या शिल्लक होत्या. मी त्या पट्ट्यातली बोंडं तळहातावर चोळली तर काळाभोर, जड दाणा. वीस पावलं वर गेले, चोळली, तर फोलपटं. पुन्हा खाली आले. दिवसभर तेच करत बसले वेड्यासारखी. तेच बियाणं, तीच जमीन, तोच हात, आणि माशी आहे तिथं दाणा, नाही तिथं नाही. जाऊबाई खळ्यावर म्हणाल्या होत्या ते अक्षर न्‌ अक्षर खरं होतं.

रात्री मी नवऱ्याला दोन्ही दाणे दाखवले आणि माश्यांचं सगळं सांगून टाकलं. त्यानं ऐकलं. मग म्हणाला, “झालं ते झालं. आता कुठं उकरतीस.” त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोळशाच्या ठेकेदाराची माणसं ओढ्यापर्यंत आली आणि आंबाही गेला. त्या वर्षी मूठ खुद्द मामंजींची होती. कारळा सगळाच्या सगळा पोचा.

आणि गंमत बघा. माझ्या हाताला कुणी बोल लावला नाही. मामंजींच्याही नाही. माझ्या वेळी बियाण्यात खोट निघाली, मामंजींच्या वेळी काळच बदलला म्हणाले. मग कारळा पेरणंच सोडून दिलं, तेल दुकानातनं यायला लागलं आणि त्या तुकड्यात गवत वाढलं. मला या सगळ्याचा अजून संताप येतो, पण खरं सांगते, तो संतापसुद्धा आता दमलेला आहे. कुणावर काढायचा? सगळ्यांत आधी माझाच नंबर.

मला मुलगी झाली. ती चार महिन्यांची झाली तेव्हा मी एका दुपारी मामंजींपुढं बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. भोक कसं दाखवलं, सुपली कशी भरली, ओढ्यात काय टाकलं. मला वाटलं आता काठी उचलतात. ते एवढंच म्हणाले, “घिऊन ये तिला. म्हनावं म्हाताऱ्यानं बोलीवलंय. कारळा पुन्यांदा पेरू, तिच्याच हातानं.”

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मी एसटीनं नसरापूरला उतरले आणि तिथनं कामथडीला गेले. जाऊबाई भावाच्या पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या. केस पिकले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण त्या उठल्या नाहीत. त्यांच्या भावजयीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

मी वाट बघितली नाही. पाणी पिऊन झाल्याबरोबर सांगायला लागले. फवारणीवाल्यांपासून सुरुवात केली ती आंब्याजवळच्या पट्ट्यापर्यंत आले. मी रडत होते, त्या चिंचा फोडत होत्या. चिंचोका एका बाजूला, गर एका बाजूला.

“म्हणजे बाई, तुमच्या हाताचा काही दोष नव्हता,” मी म्हटलं. “माश्या गेल्या म्हणून दाणा गेला. आणि माश्या मी मारल्या. मामंजींनी बोलावलंय तुम्हाला. मूठ तुमचीच.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. त्या माझी समजूत घालायला लागल्या.

“रडू नगं. पोर आजारी व्हतं तुझं. म्या असते तर म्या बी तेच केलं असतं.”

“पण तुमच्यावर आलं ना सगळं.”

“ज्याचं हाय त्याच्यावरच येतं,” त्या म्हणाल्या. “तुला वाटतं तू मारल्यास. मला बी सुरवातीला वाटायचं, माशी न्हाई म्हनून दाना न्हाई. मंग म्या हितं आले. हितं भावाच्या परड्यात दोडक्याचे येल हायेत. आले तवा लई माश्या यायच्या त्याच्यावर. आता एक बी येत न्हाई. फूल लागतं आन गळतं. हितं कुणी मारल्या, सांग बरं? तू तर न्हवतीस हितं.”

“बाई, सगळीकडेच कमी झाल्यात. भोरात, वेल्ह्यात, सगळीकडे. पावडर मारतात लोक—”

“म्या जाईन तिथल्या जात्यात,” त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आज ऊन फार आहे म्हणावं तसं. “भावजय येलाजवळ जाऊ देत न्हाई मला. बराबर हाय तिचं. तिनं का नुसकानी सोसावी? मामंजींना म्हनावं बोलीवलंत त्यातच सगळं आलं. पर आता म्या कुनाच्या बी बियान्याला हात लावनार न्हाई.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. आंब्याजवळचा दाणा, वरचा दाणा, दोन्ही कसे हातावर घेऊन बघितले. ज्या बाईनं मला माशी म्हणजे काय ते शिकवलं, तिला मी माशी म्हणजे काय ते शिकवत होते. त्या मान हलवत राहिल्या, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तसं. पटलं मात्र नाही. मी तीन वर्षं उशिरा आले होते, आणि एवढ्या काळात त्यांनी खळ्यावरचं बोलणं रोज स्वतःशी म्हणून पाठ करून टाकलं होतं.

शेवटच्या एसटीची वेळ झाली. निघायला उठले तर मांडीवरची मुलगी जागी झाली आणि जाऊबाईंकडे बघून हसली. वाडीत कुणाचंही मूल असो, आधी त्यांच्या मांडीवर जायचं. माझा मुलगा तर माझ्यापेक्षा त्यांच्याजवळ जास्त राहिलेला. मी म्हटलं, “बाई, एकदा घ्या तरी हिला.”

त्या मुलीकडे डोळे भरून बघत होत्या.

“ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडंच असू दे.”

मी मुलीला पुढं केलं. त्यांनी चिंचेनं माखलेले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि थोड्या मागं सरकून बसल्या.